आवाज सांगायचा तास

"काय ऐकू येतंय ते सांग," मुजावर सर म्हणाले.

लांब पेचकसाचं टोक मी जीपच्या इंजिनावर टेकवलं होतं आणि त्याची लाकडी मूठ कानाला लावली होती. इंजिन चालू होतं. कॉलेजचा पहिला दिवस, त्यात सगळ्यांत आधी माझंच नाव पुकारलेलं. मुठीतून आवाज इतका जवळून येत होता की कोणीतरी कानात बसून गाऱ्हाणं सांगतंय असं वाटावं. आवाजाचं मला कधीच अवघड नव्हतं. मी गाल फुगवले आणि इंजिन हुबेहूब वाजवून दाखवलं. एक सिलिंडर जरा लंगडत होता, तोही लंगडवला. मागची पोरं खूश झाली. एकानं शिट्टी मारली. मला वाटलं, पहिल्याच दिवशी मैदान मारलं.

सर हसले नाहीत. माझ्या गालांकडे बघत म्हणाले, "तोंडानं वाजवायचं नाही. बँडात आहेस का तू? शब्दांत सांग."

पोरं आता दुप्पट हसली आणि माझे कान तापले. कारण मी बँडातलाच होतो.

वायदंडे ब्रास बँड हा माझ्या आजोबांनी काढलेला. आबा, म्हणजे माझे वडील, त्यात क्लॅरिनेट वाजवायचे. मला चालता यायला लागलं तेव्हापासून माझ्या हातात खुळखुळा होता आणि अंगात सोनेरी कशिद्याचा लाल कोट. वरातीत नवरा घोड्यावर आणि आम्ही धुळीत. लोक जेवायला बसले की आम्ही मांडवाबाहेर, आणि आमची पंगत सगळ्यांत शेवटी. मला त्या कोटाचा मनापासून वीट आला होता. बारावीनंतर मी हट्टच धरला तेव्हा आबा म्हणाले, "एक वरीस देतो तुला. यष्टीत चिकटलास तर चिकटलास. न्हाईतर उन्हाळ्यात कोट घालायचा. शिंप्याला माप देऊन ठिवतो."

आणि खरोखरच त्यांनी माप देऊन ठेवलं.

आमच्या कॉलेजातून दरवर्षी एकाच पोराचं नाव एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून जायचं. परीक्षेला बाहेरून येणारे साहेब आणि मुजावर सर, दोघांनी मिळून ते ठरवायचं. ती जागा मिळाली की सुटका, नाहीतर लाल कोट. इतकं साधं गणित होतं. कॉलेज आमच्या गावापासून लांब, तालुक्याला होतं. त्यामुळे मी कोणालाच बँडाचं सांगितलं नव्हतं. वडील काय करतात विचारलं की मी "शेती" म्हणून मोकळा व्हायचो.

कॉलेज म्हणजे तरी काय? बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल. एका शिक्षण संस्थेनं ती घेतली, रंग दिला आणि दारावर 'कम्युनिटी कॉलेज' अशी पाटी लावली. तिथले लोक त्याला 'ग्यारेजचं कॉलेज' म्हणायचे. वाहन दुरुस्तीचा वर्ग मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. शेडला खिडकी नव्हती, फक्त एक भलंमोठं लोखंडी दार. उजेड यायचा तो तिथूनच, म्हणून जीपचं तोंडही दाराकडे करून ठेवलेलं असायचं.

मुजावर सरांचे काही नियम होते. वर्गात तोंडाला मफलर किंवा रुमाल बांधायचा नाही. ओठांवर येणारी मिशी ठेवायची नाही. दोघांनी एकदम बोलायचं नाही. आणि सांगायचं ते दाराजवळ, उजेडात उभं राहून. कोणी कोपऱ्यातून उत्तर दिलं की सर हात हलवायचे, "उजेडात ये. उजेडात येऊन सांग."

बजरंग ढोले माझा बाकसोबती. त्याला पहिल्या आठवड्यातच मिशी काढावी लागली, त्याचं त्याला फार लागलं होतं. तो म्हणायचा, "ह्यो माणूस तोंडात बघतोय लेका. मावा खाल्लाय का म्हणून. उजेडात दात दिसत्यात की."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. आमच्यातले निम्मे मावा खायचे आणि सर बोलताना खरंच तोंडाकडेच बघायचे.

पण त्यांचा खरा हट्ट होता तो आवाजाचा. रोज दुपारी एक तास त्यासाठीच असायचा. इंजिन चालू करायचं, पेचकस कानाला लावायचा आणि जे ऐकू येईल ते शब्दांत सांगायचं. रोगाचं नाव नंतर. आधी आवाज.

"टकटक येतोय सर," बजरंग म्हणायचा.

"दारावर वाजते ती टकटक, का सुतार मारतो ती?"

"दारावरची."

"सावकाराची का पोस्टमनची?"

आम्ही हसायचो, पण सर थट्टा करत नसायचे. टकटक निराळी, टिकटिक निराळी, टणटण तर फारच निराळी. टिकटिक झाली की वर बघायचं, इंजिनाच्या डोक्यात. टकटक खोलातून येते. खडखड झाली की काहीतरी सुटलंय. कुरकुर झाली की काहीतरी कोरडं पडलंय. आणि जो 'आवाज येतोय' एवढंच म्हणेल त्याला त्या दिवशी हात काळे करायला मिळणार नाहीत. 'चांगला चाललाय' म्हटलेलं तर त्यांना मुळीच खपायचं नाही. "चांगला हा आवाज नाही," ते म्हणायचे. "चांगला हा आपला आळस आहे."

मला ह्या तासाची चटक लागली. तोंडानं वाजवायची बंदी म्हणून मी शब्द हुडकायला लागलो. एकदा मी सांगितलं, "सर, कोंबडी पत्र्यावर दाणे टिपतेय, पण मध्येच थांबून मान वर करतेय." सरांनी झाकण काढून एक ढिला स्क्रू आवळला. आवाज बंद. तेव्हापासून माझी पाळी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लांब चालायची.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. आवाजाचा एवढा हट्ट धरणारा माणूस स्वतः कधीच पेचकस कानाला लावत नव्हता.

बजरंगला विचारलं तर तो म्हणाला, "गवई कधी शिष्याच्या तंबोऱ्याला कान लावतोय व्हय? त्याला लांबूनच कळतंय." हेही पटण्यासारखं होतं. पण मला चैन पडेना. मी सरांवर डोळा ठेवायला लागलो. शिपाई ज्ञानूतात्या तास संपला की घंटा द्यायचा नाही, दारात येऊन फडकं हलवायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. सर इंजिनाच्या झाकणावर, बाजूला, टाकीवर असा तळहात ठेवत फिरायचे, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. ह्या सगळ्या गोष्टी मला दिसत होत्या आणि त्यांचा मेळ काही लागत नव्हता.

मेळ लागला तो एका दुपारी. पोरं चहाला गेली होती. सर दाराच्या उंबऱ्यावर बाहेर तोंड करून भाकरी खात बसले होते. मी जीपच्या हॉर्नचं बटण उघडलं होतं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या आणि हॉर्न अडकला.

पत्र्याच्या शेडमध्ये जीपचा हॉर्न म्हणजे काय, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. छपरावरचे कावळे भर्रकन उडाले. रस्त्यापलीकडचा पानवाला टपरीतून डोकं काढून शिव्या द्यायला लागला. माझ्या हातांना गडबडीत तारच सापडेना. आणि माझ्यापासून चार पावलांवर मुजावर सरांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि तोंडात घातला. त्यांच्या पाठीवरचा सदरासुद्धा हलला नाही.

मी तार ओढली. हॉर्न थांबला. कावळे सरांच्या डोक्यावरून गेले तेव्हा त्यांनी वर बघितलं, मग पानवाल्याकडे, आणि मग वळून माझ्याकडे.

"कावळे कशानं उडाले?"

मी उठून उजेडात गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून गेलो. "हॉर्न अडकला होता, सर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी उजेडात का आलो हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलं हे मला कळलं. मला वाटलं, आता ते रागावतील, नाहीतर कोणाला सांगू नको म्हणतील. ते म्हणाले, "जोरात होता?"

"होय सर."

"कसा होता?"

"रेडकू चुकल्यावर म्हैस हंबरते तसा. पण दम घ्यायचं नावच नाही."

सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बरं सांगितलंस," म्हणाले आणि पुन्हा भाकरीकडे वळले.

त्या रात्री माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. मिशी, मफलर, उजेड, ज्ञानूतात्याचं फडकं. आणि तोंडानं वाजवायची बंदी. माझं वाजवणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं, फुगलेले गाल तेवढे दिसले होते. ओठांवरून शब्द वाचता येतात, टिकटिक वाचता येत नाही. मी हे कोणालाही सांगितलं नाही, बजरंगलासुद्धा. त्यांचं झाकलेलं होतं, माझंही झाकलेलं होतं, आणि झाकली मूठ कोणी उघडायची?

उलट मला एक प्रकारचा ताठाच आला. मनात म्हटलं, सरांचे कान म्हणजे आम्ही. आम्ही ऐकायचं, सांगायचं आणि त्यावरून त्यांनी रोग ओळखायचा. वर्षभर ते शिकवत नव्हतेच, आमच्याकडून ऐकून घेत होते. आणि त्या कानांत सगळ्यांत तिखट कान माझा. असं सगळं मी ठरवून टाकलं होतं.

मे महिन्यात परीक्षा आली. बाहेरून राजमाने साहेब आले, स्वतःच्या जीपमधून. अंगानं भरलेले, बोलायला सरळ. गाडीतून उतरताच म्हणाले, "परीक्षेसाठी मुद्दाम बिघडवलेली गाडी मला आवडत नाही. ही माझी खरीखुरी बिघडलेली आहे. पत्ता लावा. मलाही बरं होईल."

जेवणं होईपर्यंत जीप उभी राहिली, गार झाली. मग शेडमध्ये आणून चालू केली. आम्ही पाच पोरं भिंतीला लागून उभे. इंजिन चालू होताच टिकटिक सुरू झाली, स्पष्ट, घड्याळाच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी एका तालात चालावं तशी. पहिल्या पोरानं पेचकस लावला आणि म्हणाला, "इंजिनाच्या डोक्यातले टॅपेट ढिले झालेत." दुसरा म्हणाला टॅपेट. तिसरा टॅपेट. बजरंगही टॅपेट.

परीक्षेत पाळी आडनावांच्या क्रमानं होती, त्यात माझं शेवटचं. पण मी भिंतीपाशी उभा राहून पहिल्यापासून ऐकत होतो. इंजिन तापत गेलं तशी टिकटिक मऊ पडत गेली होती. पेचकस लावला तेव्हा इंजिनाच्या डोक्यावर ती बारीक आली, बाजूला सरकवला तर मोठी. आणि प्रत्येक टिकटिकीच्या मागे एक बारीकसं शेपूट होतं. फुस्. फुंकर मारल्यासारखं. ते टॅपेटचं नसतं एवढं मला कळत होतं. पण कशाचं असतं ते कळत नव्हतं. चौघं टॅपेट म्हणून गेले होते. मी एकटाच शहाणा कसा? मेंढरामागं मेंढरू, मीही म्हणालो, "टॅपेट."

राजमाने साहेबांनी कपाळाला हात लावला. "दोनदा टॅपेट करून घेतलेत मी. दोन वेगळ्या मेकॅनिककडून. आवाज जसाच्या तसा आहे."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणाले, "मुजावर, पाचही चुकले. यंदाची एसटीची जागा मोकळीच ठेवू या. उगीच कोणाचं नाव कशाला?"

माझ्या डोळ्यांपुढे लाल कोट आला, बटणांसकट.

"पण गाडीचं काय झालंय ते तरी कळू दे," साहेब म्हणाले. "तुमच्या कानाची कीर्ती ऐकून आहे मी. घ्या, तुम्हीच ऐका." आणि त्यांनी पेचकस सरांच्या हातात दिला.

वर्षभरात मी सरांच्या हातात पेचकस पाहिला होता तो स्क्रू पिळायला. आज पहिल्यांदा त्यांनी त्याची मूठ कानाला लावली. वाकून उभे राहिले. त्यांचे डोळे आमच्या चेहऱ्यांवरून फिरत होते. मला एसटीच्या जागेचाही विसर पडला. मनात एकच आलं, आता ह्यांचं उघडं पडणार, ह्या पोरांसमोर, ह्या साहेबासमोर.

मी बॉनेटच्या पलीकडे होतो आणि दाराचा उजेड माझ्या तोंडावर होता. साहेबांची पाठ माझ्याकडे. मी आवाज न काढता ओठ हलवायला लागलो. टिकटिक. वर नाही, बाजूला. गार होतं तेव्हा जोरात, आता मऊ. मागं शेपूट आहे. फुस्. फुंकर मारल्यासारखं.

सर माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा म्हटलं. फुंकर.

त्यांनी पेचकस खाली ठेवला. इंजिनाच्या बाजूला, सायलेन्सरची नळी जिथं इंजिनाला जोडलेली असते तिथं, तळहात न टेकवता जवळून फिरवला आणि एका जागी थांबले. "बारदान भिजवून आण रे," ते बजरंगला म्हणाले. बजरंगनं पोत्याचा तुकडा पाण्यात बुडवून आणला. सरांनी तो त्या जोडावर दाबला.

टिकटिक थांबली.

मग मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. सर इंजिनाकडे बघतच नव्हते. बारदान दाबून ते आमची तोंडं बघत होते. बारदान उचललं, टिकटिक आली आणि आमच्या भुवया वर गेल्या. दाबलं, गेली. उचललं, आली. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी आवाज ऐकला आणि मगच हात बाजूला घेतला.

"जोडातलं पॅकिंग फाटलंय," ते म्हणाले. "गॅस बाहेर फुंकतोय. टॅपेटसारखाच वाजतो, पण टॅपेट नव्हे. नवीन पॅकिंग घाला साहेब, आवाज जाईल."

राजमाने साहेब खूश झाले. सरांच्या पाठीवर थाप मारून, पुढं येऊन म्हणाले, "कान असावा तर असा."

सर तेवढ्यावर थांबले असते तर सगळं निभावलं असतं. ते म्हणाले, "साहेब, जागा मोकळी नको ठेवायला. वायदंडेचं नाव लिहा."

"तोही टॅपेटच म्हणाला की."

"रोग चुकला त्याचा. लक्षण नाही चुकलं. गार असताना जोरात, तापल्यावर मऊ, मागं फुंकर. एवढं त्यानं सांगितलं, म्हणून मला सापडलं. रोगाची नावं शिकवता येतात."

साहेबांनी भुवया आवळल्या. "हे कधी सांगितलं त्यानं? मी इथंच उभा आहे. मला तर काही ऐकू आलं नाही."

इंजिन चालूच होतं. मी मान हलवून सरांना नको नको म्हणत होतो. त्यांना ते दिसत होतं. काहीही सांगता आलं असतं त्यांना. सकाळी सांगितलं, काल सांगितलं, कोण विचारणार होतं?

"आत्ता सांगितलं," सर म्हणाले. "आवाज न काढता. मी ओठ वाचतो, साहेब. मला ऐकू येत नाही. इथं नोकरीला लागायच्या आधीपासून."

बजरंगनं तोंडाचा आ केला. राजमाने साहेबांनी पुढे होऊन जीप बंद केली. शेडमध्ये इतकं शांत झालं की रस्त्यावरची सायकल ऐकू यावी. साहेब माझ्याकडे वळून, हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "वायदंडे, तुझं नाव लिहितो मी. कारण काय लिहायचं ते माझं मी बघेन." त्यांचं तोंड सरांकडे नव्हतं. लगेच त्यांच्या ध्यानात आलं. ते सरांकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हणाले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

राजमाने साहेब कुठं बोलले नाहीत. पण पाच पोरांच्या तोंडात तीळ भिजतो थोडाच? पुढच्या जूनपासून संस्थेनं सरांकडून शिकवण्याचं काम काढून घेतलं आणि शेडमधली दुरुस्तीची कामं तेवढी ठेवली. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी पोरं गेली आणि मी हत्यारं पुसत मागे राहिलो. सर दाराला टेकून उभे होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी एकच पेचकस पुन्हा पुन्हा पुसत होतो.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "कशाला सांगितलंत सर? मी वाचवत होतो तुम्हाला."

"माहीत आहे की. तुझ्यासाठी दुसरं कारण सुचलं नाही मला."

"पण मी सांगितलं म्हणून सापडलं, म्हणजे खरंच..."

सर हसले. "तू ओठ हलवायच्या आधी कळलं होतं. ते चौघं ऐकत होते तेव्हा मी बाजूनं हात फिरवून आलो. गरम हवा लागली. पण शेपटाचं तू फार छान सांगितलंस. ते हाताला नव्हतं लागलेलं."

वर्षभराचा माझा ताठा असा एका वाक्यात उतरला. सरांचे कान आम्ही, हे मी आपलं ठरवून बसलो होतो. त्यांना आमच्या कानांची गरजच नव्हती. झाकणावर, टाकीवर फिरणारा तो हात सगळं आधीच जाणून होता. मग मला नवीनच कोडं पडलं.

"हात पुरत होता, तर मग आम्हाला रोज आवाज सांगायला का लावत होता?"

सरांचा तळहात लोखंडी दारावर होता आणि त्यांचं लक्ष त्या हातात होतं. "दार हलतंय," ते म्हणाले. "ढोल आहे ना? वरात चालली का कुठं?"

चाललीच होती. वळणावरून येत होती आणि मला ती कधीची ऐकू येत होती. ढोल ऐकून माणसाला ताल कळतो. मला माणूस कळत होता. तो आमचा ढोलवाला सखाराम होता.

"कोणाचा बँड आहे?"

आज त्यांनी माझ्यासाठी जे केलं होतं, त्यानंतर 'शेती' म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. "आमचा," मी म्हणालो. "माझे वडील आहेत त्यात."

"माहीत आहे," सर म्हणाले. "पहिल्या दिवशी तू गाल फुगवलेस तेव्हाच कळलं. असे गाल बँडवाल्याच्या पोराशिवाय कोणाचे फुगत नाहीत. मी बोलून गेलो आणि तुझं तोंड उतरलं. मग पुन्हा विषय नाही काढला."

वरात मिलसमोर आली. लाल कोट, पितळी भोंगे, पुढं घोडा, घोड्यापुढं नाचणारी पोरं. मधोमध आबा, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. त्यांनी मला पाहिलं नाही. क्लॅरिनेट वाजवताना ते कोणालाच बघत नाहीत. सर त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते.

"ते वाजवतायत ते वडील?"

"होय."

"मी चांगल्या कानाचा होतो तेव्हा बँडामागं पळायचो," सर म्हणाले. "वरात गावाबाहेर जाईपर्यंत. हाताला रोग कळतो रे. ढोलही कळतो. हे कळत नाही." त्यांनी आबांच्या बोटांकडे बोट केलं. "कसं वाजतंय?"

"चांगलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. 'चांगला हा आपला आळस आहे', वर्षभर ऐकलेलं ते वाक्य माझं मलाच आठवलं आणि लाज वाटली. जन्मल्यापासून मी आबांची क्लॅरिनेट ऐकत होतो. ती कशी वाजते हे मला सांगता येत नव्हतं. कोंबडीचं सांगितलं होतं, म्हशीचं सांगितलं होतं, साहेबांच्या जीपच्या फुंकरीला शेपूटसुद्धा लावलं होतं.

मी डोळे मिटले आणि ऐकायला लागलो. ढोल बाजूला केला, भोंगे बाजूला केले, पोरांचा गलका बाजूला केला. मग ती एकटी राहिली. मला आतून भरून आलं आणि शब्दही यायला लागले, एकामागून एक. मी डोळे उघडले आणि सांगायला सुरुवात केली.

"थांब," सरांनी माझा दंड धरला आणि मला दारातून बाहेर ओढलं. "उजेडात ये. हं, आता सांग."